राखावयाचा कोंबडा

कोकणात काय किंवा देशावर काय, ज्या घराला परस आहे आणि ज्या परसाला उकिरडा आहे त्या घरी चारदोन कोंबड्या असावयाच्याच, ही वहिवाट इतकी जुनी आणि इतकी अंगवळणी पडलेली आहे की कोंबड्या पाळण्यातही काही विचार करावा लागतो, काही धोरण आखावे लागते, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सकाळी खुराड्याचे दार उघडावे, मूठभर कण्या टाकाव्यात, दिवेलागणीला दार पुन्हा लावावे आणि मधल्या वेळात त्यांनी आपले पोट आपण भरावे, एवढाच काय तो कारभार, अशी आपली समजूत असते. ही समजूत अगदीच निराधार नाही. गावठी कोंबडीचे मोठेपण तिच्या या बिनखर्ची स्वावलंबनातच आहे. परंतु याच कारभारात एक निर्णय असा आहे की जो दरसाल घरोघर होतो, ज्याचे परिणाम कळपाच्या पुढच्या कित्येक पिढ्यांना भोगावे लागतात आणि जो बहुधा कोणी जाणूनबुजून घेतलेला नसतो. कोणता कोंबडा राखावयाचा आणि कोणता कापावयाचा किंवा विकावयाचा, हा तो निर्णय होय. गावठी कोंबडी पूर्वीसारखी राहिली नाही अशी तक्रार आज जिकडेतिकडे ऐकू येते आणि तिची कारणे बाजारात, सरकारी धोरणात किंवा रोगराईत शोधली जातात. त्यांतले एक मोठे कारण मात्र आपल्याच उंबऱ्याच्या आत आहे, असे माझे म्हणणे आहे. आपण चांगला कोंबडा आधी घालवतो आणि उरलासुरला जो असेल त्याच्या हवाली कळप करतो.

हे कसे घडते ते पाहावयाचे असेल तर आखाडाच्या अखेरच्या आठवड्यात सातारा-कोल्हापूरकडच्या कोणत्याही वाडीत जाऊन उभे राहावे. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना जाळीच्या टोपल्या बांधलेला फिरता व्यापारी दारात येतो, कोंबडा पायांना धरून उलटा उचलतो, अंगठ्याने छातीचे हाड चाचपतो, हाताच्या अंदाजाने वजन तोलतो आणि म्हणतो, "मावशी, ह्यो तांबडा तेवढा द्या. त्यो पांढरा ऱ्हाऊ द्या, नुसती हाडंच हैत त्याच्यात." मावशी पदराला हात पुसत म्हणते, "न्हाई बाबा, त्यो ठेवायचा हाय. ठिपकीच्या पोटचा हाय त्यो." ओट्यावरून घरधनी म्हणतो, "देऊन टाक की, दुसरं हाय न्हवं!" व्यवहार पुरा होतो, तांबडा टोपलीत जातो आणि ज्याच्यात नुसती हाडेच आहेत तो पांढरा त्या परसाचा धनी होतो. व्यापाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याने आपल्या धंद्याला साजेशी पारख केली. घरधन्यानेही काही अघोर केले नाही. त्याला रोख पैशाची निकड होती. पण ज्या माणसाने ज्वारीचे उत्तम कणीस मळणीपूर्वीच बाजूला काढून बियाण्यासाठी आढ्याला टांगून ठेवले, त्याच माणसाने कोंबड्याच्या बाबतीत उत्तम ते विकले आणि निकृष्ट ते बियाण्याला ठेवले, ही विसंगती कोणाच्या ध्यानीमनी आली नाही.

आनुवंशिकतेचा हिशेब साधा आहे. दहा कोंबड्या आणि एक कोंबडा असा कळप धरला, तर पुढच्या पिढीला मिळणारा निम्मा वारसा दहा आयांत विभागलेला असतो आणि उरलेला निम्मा त्या एकट्या बापाचा असतो. एखादी कोंबडी खुजी, रोगट किंवा आळशी निघाली तर नुकसान एक-दशांशाच्या पोटी जाते. कोंबडा तसा निघाला तर प्रत्येक पिलाच्या अंगी त्याचा अंश उतरतो. अंडी घालण्याचा गुण कोंबड्याच्या ठायी दिसत नाही, म्हणून तो त्याच्यात नसतोच असे समजणे ही दुसरी चूक. आईकडून आलेला तो गुण त्याच्या रक्तात दडून असतो आणि त्याच्या लेकींत प्रकट होतो, म्हणूनच 'ठिपकीच्या पोटचा' हे मावशीचे प्रमाणपत्र छातीच्या हाडापेक्षा अधिक मोलाचे मानले पाहिजे. पूर्वजांचा असा अंश किती काळ टिकतो, याचा दाखला आपल्या कोंबडीच्या पायांतच आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, हे सर्वमान्य आहे. पण तिच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या जातीकडून आलेला असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवून दिले. कोणत्या तरी विस्मृत काळी घडलेल्या संकराची खूण आज जगभरच्या परसांतून पिवळ्या पायांनी हिंडते आहे, असे असताना घरच्या कोंबड्याची निवड ही दोन किलो मांसाची बाब समजणे कितपत शहाणपणाचे, हे वाचकांनीच ठरवावे.

चांगला कोंबडा म्हणजे केवळ अंगाने भरलेला कोंबडा नव्हे. परसात तासभर स्वस्थ बसून पाहिले तर त्याची खरी योग्यता दिसू लागते. उकिरडा उकरताना त्याला वाळवीचा एखादा पुंजका सापडला, तर जातिवंत कोंबडा तो लागलीच गिळत नाही. एक किडा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो, आणि हे करीत असता घशातल्या घशात भराभर असा काही 'कुट्-कुट्-कुट्' आवाज काढतो की चारी दिशांना पांगलेल्या कोंबड्या माना ताणून त्याच्याकडे धाव घेतात. त्या खात असता तो बाजूला उभा राहतो. आकाशात घार दिसली की मान तिरकी करून एक डोळा वर लावतो आणि लांबट, बारीक अशी किंकाळी मारतो. तत्क्षणी कोंबड्या करवंदीच्या जाळीखाली दडून निश्चल होतात. पण तेच कुंपणातून मुंगूस किंवा कुत्रे शिरले तर आवाज निराळा, तुटक आणि वारंवार येणारा. तो ऐकून कोणी दडत नाही, सगळ्या ताठ उभ्या राहतात आणि कोलाहल करतात. आकाशातल्या शत्रूसाठी एक इशारा आणि जमिनीवरच्यासाठी दुसरा, हा भेद पक्षिवर्तनाच्या अभ्यासकांनी प्रयोगांनी सिद्ध केलेला आहे. आपल्याकडच्या कोणत्याही जाणत्या आजीला तो प्रयोगावाचूनच ठाऊक असतो आणि पाठमोरी असतानाही ती आवाजावरून घार आली की मुंगूस आले ते सांगते. जो कोंबडा अन्न दिसताच एकटाच गट्ट करतो, जो घार दिसताच सर्वांआधी स्वतः जाळीत शिरतो, त्याचे वजन तीन किलो असले तरी तो मोकळ्या कळपाच्या कामाचा नाही. बंदिस्त शेडमध्ये हे गुण निरुपयोगी ठरतात. परसात मात्र कळप जगणे न जगणे त्यांच्यावरच अवलंबून असते.

आता कोंबडे किती असावेत, हा प्रश्न. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा हे प्रमाण सामान्यतः पुरेसे आहे; वीस कोंबड्यांना दोन. यापेक्षा अधिक कोंबडे ठेवणे म्हणजे परसात बेबंदशाहीला आमंत्रण देणे होय. तिचे पहिले लक्षण कोंबड्यांच्या पाठीवर दिसते: वारंवारच्या झटापटीने पाठीची आणि मानेची पिसे झडून कातडी उघडी पडते, कोंबड्या दाणे टिपायला बाहेर पडण्याचे टाळतात आणि अंडी घटतात. कळपात प्रत्येकाचा हुद्दा ठरलेला असतो, कोणी कोणाला टोचावे आणि कोणी निमूटपणे बाजूला व्हावे याची उतरंड असते, ही गोष्ट नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरुप-एब्बे यांनी कोंबड्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९२२ साली शास्त्रीय स्वरूपात मांडली. पहाटेच्या आरवण्यालाही हीच शिस्त लागू असते. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की कोंबडा उजेड पाहून आरवतो असे नाही, त्याच्या शरीरातले घड्याळच त्याला पहाटेची जाणीव देते. आणि २०१५ साली त्यांनी असेही दाखविले की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत सर्वांत वरच्या हुद्द्याचा कोंबडा प्रथम आरवतो, बाकीचे आपापल्या पायरीने त्याच्यामागून आरवतात, आणि वरच्याला उचलून नेले तर दुसऱ्या पायरीवरचा ती सुरुवात करतो. यातून घेण्याजोगा व्यावहारिक धडा असा की कळपाचा मुख्य कोंबडा उचलणे ही किरकोळ बाब नव्हे. तो गेला की गादीसाठी तंटा सुरू होतो, जखमा होतात, कोंबड्या बिथरतात आणि परसाला पुन्हा शांतता लाभेपर्यंत दिवस जातात. दरसाल आखाडात, दसऱ्यानंतर आणि जत्रेला असा सत्तापालट करीत राहिल्यास कळपाला स्वास्थ्य कसे लाभणार?

म्हणून निवड वेळेवर आणि डोळसपणे व्हावी. पिले दीड-दोन महिन्यांची झाली की तुरे लाल होऊ लागतात आणि नर कोणते, तलंगा कोणत्या, हे उमगते. तेथून चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत या पोरसवद्या कोंबड्यांवर नजर ठेवावी: कोण लवकर वाढला, कोण एकदाही आजारी पडला नाही, कोणाचे पाय सरळ आहेत, कोण माणसांच्या अंगावर धावून येतो. हा शेवटचा मुद्दा गौण मानू नये. घरातल्या पोरांच्या पिंढऱ्यांना पायामागच्या काट्याने फोडणारा कोंबडा शूर असतो असे नाही. त्याचा तो स्वभाव पुढच्या पिढीतही उतरण्याचा संभव असतो, तेव्हा अशाला बीज म्हणून ठेवू नये. याउलट मोठ्या, जाणत्या कोंबड्यांच्या सहवासात वाढलेला तरुण कोंबडा अदब शिकतो. कोंबडीने दिलेले दोनचार टोचे त्याच्या शिक्षणाचा भाग असतात. यांतून एक राखावयाचा आणि एक उमेदवार म्हणून ठेवावयाचा, अशी दुहेरी तजवीज करावी, कारण घार, कोल्हा आणि मानमोडीचा रोग यांच्या राज्यात एकट्या वारसावर भरवसा ठेवता येत नाही. निवडलेल्याच्या पायात एक रंगीत दोरा किंवा कडे अडकवावे, म्हणजे पाहुणा, व्यापारी आणि घरातला उतावळा मुलगा या तिघांनाही तो कोंबडा विक्रीचा नाही हे विचारल्यावाचून कळेल.

तरीही एकच कोंबडा आणि त्याचेच लेक पिढ्यान्‌पिढ्या वापरीत राहणे घातक आहे. सिवॉल राइट या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाने १९३१ साली मांडलेल्या सूत्राने पाहिले, तर एक कोंबडा आणि दहा कोंबड्या अशा अकरा पक्ष्यांच्या कळपाची आनुवंशिक विविधता टिकविण्याची ताकद चार पक्ष्यांइतकीही भरत नाही. थोड्याच पिढ्यांत अंडी वांझ निघू लागतात, पिले कवचातच मरतात, जगली ती अशक्त निघतात आणि आपण देवाला किंवा शेजारणीच्या नजरेला दोष देत बसतो. याला उपाय फुकटचा आहे: दीड-दोन वर्षांनी आपला उत्तम कोंबडा पलीकडच्या गावातल्या नात्याच्या घरी द्यावा आणि तिथला उत्तम कोंबडा आपल्याकडे आणावा. या अदलाबदलीत एकच पथ्य पाळावे. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकते, तेव्हा नवा कोंबडा आल्यावर तीन आठवडे लोटल्याखेरीज त्याच्या नावावर अंडी बसवू नयेत. तोवरची अंडी खुशाल खावीत. नवागताला एकदम कळपात न सोडता चारआठ दिवस जाळीआड, सर्वांना दिसेल असा ठेवावा, म्हणजे रोग असल्यास उघडकीस येतो आणि ओळखही होते.

निवड म्हटली की नाकारलेल्यांचे काय, हा प्रश्न येतोच आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. निसर्ग नर आणि मादी जवळजवळ निम्मेनिम्मे जन्माला घालतो. दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा लागतो. तेव्हा बाकीच्या नरांना पाचव्या-सहाव्या महिन्यात कापावे किंवा विकावे लागणार, यात पळवाट नाही. आपल्या समाजाने यासाठी नवस, राखण, जत्रा, जावयाचा पाहुणचार असे नाना प्रसंग फार पूर्वीच योजून ठेवलेले आहेत, आणि कोंबडी-वड्यांची कीर्ती सांगणाऱ्या कोकणाला तर याबद्दल उपदेश करण्याची गरजच नाही. ज्यांना हे क्रूर वाटते त्यांनी अंड्यांच्या कारखानदारीत काय चालते तिकडेही दृष्टी टाकावी. तिथे अंडी देणाऱ्या संकरित जातीचा नर मांसाच्याही कामाचा नाही म्हणून जन्मल्या दिवशीच मारला जातो. जर्मनीने ही प्रथा १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने बंद केली. परसातल्या कोंबड्याला निदान ऊन, वारा, धूळ, झाड आणि पाच महिन्यांचे मोकळे आयुष्य लाभते. त्याच्या मरणाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती, मारावयाचा कोणता याचा विचार न करता जो हाताला जड लागला तो उचलण्याला.

कोंबड्याच्या निवडीइतकाच, किंबहुना तिच्याशी जोडलेला, दुसरा प्रश्न खुडूक कोंबडीचा आहे. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते: पिसे फुलवून खुराड्यात ठाण मांडते, जवळ गेलेल्या हातावर गुरगुरते, अन्नपाण्याची शुद्ध विसरते. ज्याला रोजच्या अंड्याची घाई आहे तो तिला पाण्यात बुडवतो, डालग्याखाली कोंडतो, नाना उपायांनी तिची ती अवस्था मोडू पाहतो. पण बीजासाठी उत्तम कोंबडा निवडणाऱ्याला याच कोंबडीची गरज असते. संध्याकाळच्या अंधारात तिला गवत पसरलेल्या पाटीत, तिच्या अंगाखाली मावतील अशा दहा-बारा ताज्या अंड्यांवर बसवावे. सातव्या-आठव्या रात्री दिव्याच्या उजेडात अंडी धरून पाहावीत, ज्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसेल ती ठेवावीत, जी स्वच्छ दिसतील ती काढावीत. पाटीजवळ राखेचा ढीग ठेवावा, कारण दिवसाकाठी ती एकदाच उठते आणि तेवढ्यात तिला दाणे, पाणी आणि अंगावरच्या उवा झाडण्यासाठी धुळीची अंघोळ एवढे उरकावयाचे असते. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. विजेवाचून, यंत्रावाचून आणि पगारी नोकरावाचून उष्णता राखणारे, अंडी फिरवणारे, नंतर पिलांना चरायला शिकवणारे आणि घारीवर झडप घालणारे असे दुसरे कोणतेही उपकरण अद्याप कोणी बनवलेले नाही.

सरकारी योजनांचे मला जे वैगुण्य वाटते ते याच ठिकाणी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गिरिराज, या सुधारित जाती निःसंशय उपकारक ठरल्या आहेत. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते, त्याच्या दुप्पट आणि अधिक अंडी या देतात, वजनानेही भरतात आणि परसात चरूनही तग धरतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या एकंदर ८५ कोटी कोंबडी-बदकादी पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसातले निघाले आणि आधीच्या गणनेपेक्षा ती संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती, यात अशा वाटपाचाही हातभार असेल. पण या पक्ष्यांत खुडूक होण्याचा गुण फारच क्षीण असतो आणि त्यांची पुढची पिढी आईबापांच्या तोलाची उतरत नाही. परिणामी दोन वर्षांनी कळप संपला की लाभार्थ्याने पुन्हा पिलांसाठी अर्ज करावयाचा, दफ्तरात नोंद व्हावयाची, आणि पिले येईपर्यंत खुराडे रिकामे. शिवाय वाटलेल्या पिलांतले दांडगे नर गावातल्या कोंबड्यांशी मिसळतात आणि गावठी जातीचे जे गुण, म्हणजे सावधपणा, खुडूकपणा, पिले वाढविण्याची हातोटी, ते पिढीगणिक पातळ होत जातात. पशुसंवर्धन खात्याने पिले किती वाटली याच्या हिशेबाबरोबर आणखी एक हिशेब ठेवावा: तालुक्यात जातिवंत गावठी कोंबडे किती घरी राखले आहेत. आठवडी बाजारात वर्षातून दोन वेळा कोंबड्यांच्या अदलाबदलीचा दिवस ठरवावा, तिथे पशुवैद्याने तपासणी करावी, आणि उत्तम कोंबडा राखणाऱ्या घराला त्याच्या बाजारभावाइतके बक्षीस द्यावे. एवढ्या खर्चाने कोणत्याही अंदाजपत्रकाचे कंबरडे मोडणार नाही.

कोणी म्हणेल, निवड कसली करता, मानमोडी आली की निवडलेला आणि न निवडलेला दोन्ही सारखेच माना वेळावून पडतात. हे खरे आहे. हिमालयातील कुमाऊंमधल्या राणीखेत गावाचे नाव ज्या रोगाला मिळाले आणि आपल्याकडे जो मानमोडी म्हणून कुख्यात आहे, तो हिरवट हगवण आणि वाकड्या माना घेऊन आला की आठवडाभरात वाडी निष्पक्षी करतो. त्याची लस उपलब्ध आहे. पुण्याला औंध येथे राज्य सरकारची लसनिर्मितीची संस्थाही आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लशीची सुई, हा क्रम पशुवैद्यांना तोंडपाठ आहे. अडचण लशीची नाही, कुपीची आहे: एका कुपीत शंभर वा त्याहून अधिक मात्रा असतात, ती बर्फात ठेवावी लागते, कालवल्यावर दोनएक तासांत संपवावी लागते, आणि जिच्याकडे बाराच पिले आहेत ती बाई तेवढ्यासाठी तालुक्याला जाऊ शकत नाही. सबंध वाडीने एक दिवस ठरवून सगळी पिले एकत्र आणली तर ही अडचण मिटते, आणि त्याच दिवशी कोणाचा कोंबडा कसा आहे हेही सर्वांना दिसते. मोकळ्या कोंबड्या रोग पसरवतात, असा आक्षेप २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू उद्भवला तेव्हापासून अधूनमधून ऐकू येतो. नवापूरला रोग सापडला तो मोठमोठ्या पोल्ट्रीफार्मांत, आणि आसपासच्या परसांतल्या कोंबड्याही त्यात मारल्या गेल्या, एवढे आक्षेप घेणाऱ्यांनी स्मरणात ठेवावे. परसवाल्यांनीही नव्या पक्ष्याला वेगळे ठेवण्यात आणि मेलेल्याला पुरण्यात हयगय करू नये.

दुसरा आक्षेप आरवण्याचा. शहराजवळच्या गावांत बंगले बांधून राहायला आलेल्यांना पहाटेचा कोंबडा खुपतो, आणि शेजाऱ्यांच्या भिडेखातर चांगला कोंबडा जातो. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरील अशा एका कोंबड्याचा खटला २०१९ साली न्यायालयात गेला, निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला, आणि २०२१ साली त्या देशाने ग्रामीण भागातले आवाज आणि वास हे ग्रामजीवनाचा वारसा म्हणून जपण्याचा कायदाच केला. आपल्याला कायद्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. खुराड्यात काळोख ठेवून दार जरा उशिराने उघडले आणि एकाऐवजी चार कोंबडे पाळण्याचा हव्यास सोडला, तर शेजारधर्म सहज पाळता येतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कोंबडबाजाराची गोष्ट निराळी. प्राण्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. पण खेदाने म्हणावे लागते की कोंबड्याच्या घराण्याची, चालीची आणि हाडापेराची जितकी बारीक चौकशी हे जुगारी करतात तितकी घरच्या परसासाठी आपण कोणी करीत नाही.

ती चौकशी करणारे माणूस घरात असते, आणि ते कोण हे आपण पाहिलेच आहे. कोणते पिलू कोणत्या अंड्यातून निघाले, कोणत्या कोंबडीने घारीशी झुंज देऊन पिले वाचवली, कोणाच्या लेकी लवकर अंड्यावर आल्या, हा सगळा दस्तऐवज घरातल्या बाईच्या स्मरणात असतो. कोंबड्यांचा सांभाळ तीच करते आणि मिठामिरचीला किंवा मुलाच्या वहीला लागणारा अंड्यांचा पैसाही तिच्याच कनवटीला असतो. मात्र कोंबडा कापण्याचा किंवा विकण्याचा हुकूम सुटतो तो ओट्यावरून, पाहुणा आला किंवा निकड लागली म्हणून, आणि हुकूम देणाऱ्याला ठिपकी कोण हे ठाऊक नसते. ज्ञान एकाकडे आणि मुखत्यारी दुसऱ्याकडे, अशी जिथे विभागणी होते तिथे कारभार बिघडतो, मग तो संस्थानाचा असो की परसाचा. तेव्हा योजना, बक्षिसे आणि लशी यथाकाळ येवोत. आज, कोणाच्याही मंजुरीवाचून, प्रत्येक घरी एवढे करता येण्याजोगे आहे की कोणता कोंबडा राखावयाचा हे कोंबड्या सांभाळणारीने ठरवावे, त्याच्या पायात तिने दोरा बांधावा, आणि तिने नाही म्हटलेला कोंबडा व्यापाऱ्याच्या टोपलीत किंवा पाहुण्याच्या ताटात जाऊ नये.